कुंकवाची पिलं

सुकरीनं कुंकवाची पुडी सोडली, वाटीतल्या टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलात ओतली आणि कोंबडीचं पहिलं पिलू मांडीवर घेतलं. बोट बुडवून त्याच्या डोक्यापासून शेपटापर्यंत फिरवलं. हळदीचं पिलू कुंकवाचं झालं. खाली सोडताच ते अंग झाडत घरामागच्या सांदवाडीभर पळालं, आणि टाळ्या पिटत तिची लहानगी चिंधी त्याच्यामागे.

वर, मोहाच्या शेंड्याच्याही वर, घार फिरत होती. सकाळी तिनं एक पिलू नेलं होतं. पुन्हा येऊन दुसऱ्याला ओरबाडून गेली होती. सुकरी तेव्हा आत आपलं लुगडं घडी करत होती. सासू गुणाबाई बाहेरच बसलेली, पण तिच्या डोळ्यांना आता घारीची सावलीही दिसत नव्हती. कोंबडी कितीतरी वेळ नसलेल्या पिलाला हाका मारत राहिली.

"माय, लाल काऊन करतं?" चिंधीनं विचारलं.

"घारीले लाल पिलू इस्तव दिसते. उचललं तं पाय भाजन, असं वाटते तिले. मंग उतरत नाई."

"चुलीतला इस्तव?"

"हो व बाई. आपल्याच चुलीतला."

पुढचं पिलू घेताना सुकरीनं मान वर केली नाही. कुंकू वडशाहून, होणाऱ्या नवऱ्याकडून आलं होतं, नव्या लुगड्यात, हिरव्या बांगड्यांबरोबर. नवरा तापानं गेला त्याला वर्ष झालं होतं. आज दिवस मावळला की बैलांची रेंगी येणार होती आणि याच कुंकवानं सुकरीचा पाट लागणार होता. पोरगी ज्या कुळाची त्याच घरी राहील, असं पंच बोलले होते आणि सुकरीचा भाऊ होकाराची मान हलवून उठला होता. पोरीवर कुणाची नजर पडू नये म्हणून तिचं नाव चिंधी ठेवलेलं. त्या नावानं एवढे दिवस काम केलं होतं. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"काय करून राह्यली व तू?" गुणाबाईनं भिंतीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

"पिलं रंगवतो."

"कायनं?"

गुणाबाईनं चाचपत हात पुढे केला, वाटीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"येडी झाली का व! पाटाचं कुंकू कोंबडीच्या पिलाईले? थे लोक काय म्हनतीन?"

"उद्यापासून घारीवर कोन ओरडन, आत्याबाई? तुमाले दिसत नाई. हे एवढीशी. हिच्या आवाजाले चिमनी बी उडत नाई."

"मी हावो ना."

"सकाळी बी होतेच ना तुमी."

शब्द गेला तसं सुकरीला वाटलं, जीभ चावावी. मग म्हातारीनं पदर उलगडला. सकाळी ओरबाडलेलं पिलू तिनं दिवसभर तिथं उबेला धरलं होतं. ओंजळीत घेऊन तिनं ते सुकरीच्या आवाजाच्या दिशेनं पुढे केलं.

"हे राह्यलं. याले बी लाव. जाड लाव."

सगळी पिलं लाल झाली. कोंबडीनं मान तिरपी करून एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, जणू कुणा दुसरीचीच लेकरं. एकाला तर टोचही मारली. ते चिवचिवलं, तेव्हा तिनं ओळखलं. पंख उचलून जागा करून दिली.

तेवढ्यात घार खाली आली. तिची सावली सांदवाडीवरून, पिलांवरून, सुकरीच्या हातांवरून सरकली. सुकरी अर्धी उठली. पण घार कौलांपर्यंत येऊन वळली आणि उंच, उंच, जंगलाकडे निघून गेली.

"भेली! माय, घार भेली!" चिंधी नाचायला लागली. "आजी, इस्तव पाहून भेली!"

"भेली ना?" गुणाबाई म्हणाली. "बरं झालं व माय."

वाटीच्या तळाशी थोडं कुंकू उरलं होतं. सुकरी ते बोटानं निपटून परत कागदात घेऊ लागली. पाटाला तेवढं तरी लागणार होतं. चिंधीनं नाचणं थांबवलं आणि वाटी दोन्ही हातांनी ओढली.

"थांब. काल आजी कोनाले तरी सांगत होती, सुकरीले उद्या नेतीन."

गुणाबाईनं तोंडावर पदर घेतला.

चिंधी मांडीवर चढली. चारही बोटं वाटीत बुडवून तिनं मायच्या कोऱ्या कपाळावर फिरवली. मग भांगात, मग दोन्ही गालांवर, हनुवटीवर. तेल ओघळून नाकापर्यंत आलं. सुकरी हलली नाही. पिलंही रंग लावून घेताना अशीच गप्प बसली होती.

चिंधीनं जरा मागे होऊन पाहिलं. कानामागे थोडं राहिलं होतं, तिथंही लावलं.

"आता तूबी इस्तव," ती म्हणाली. "आता तुले कोनी नेनार नाई."

घरापुढच्या वाटेवर बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. चिंधीनं वळूनही पाहिलं नाही. मायच्या मांडीवर बसून ती आपली लाल बोटं वाटीच्या कडेला निवांत पुशीत होती.