हाकेच्या अंतरावर

गेमच्या कंपनीत आवाजांचं काम बघणाऱ्या ताईंना अफाट जगांचं कौतुक नव्हतं. "दोनच गल्ल्या द्या, पण त्यांत जीव असू द्या," हे त्या साहेबांना सांगून दमल्या. साहेबांनी मात्र डोंगरामागे डोंगर रचले आणि त्यांच्यामध्ये न संपणारं माळरान पसरलं.

निदान त्या ओसाडीला सोबत असावी म्हणून ताईंनी स्वतःच्याच आवाजात एक हाक घातली. बटण दाबलं की खेळातली मुलगी ओरडायची, "कोणी आहे का?"

दुपारी त्यांनी माळाच्या टोकाला जाऊन हाक तपासली. बऱ्याच वेळाने, फार दुरून उत्तर आलं.

"आले, आले."

आवाज ताईंचाच होता. पण हे शब्द त्यांनी कधी रेकॉर्ड केलेच नव्हते.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी उत्तर जरा जवळून आलं, धापा टाकत. ताईंनी झटकन हात मागे घेतला. तरी थोड्या वेळाने, कुणी न बोलावताच, "आले."

माळ मोठा आहे, यायला वेळ लागेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि पहिल्यांदाच त्या मोठेपणाचा त्यांना आधार वाटला.

तेवढ्यात साहेब हसत दारात आले. "ताई, तुमचंच खरं. एवढं चालायचं कुणाला? आत्ताच सगळा माळ काढून टाकला."

ताईंनी घाईघाईने हेडफोन उतरवला. "साहेब, आधी होतं तसं करा. आत्ताच्या आत्ता!"

पण साहेब त्यांच्या खुर्चीमागे बघत होते.

"या तुमच्या बहीण का?"