फ्रीजमधली जागा

“मागं सार, दस्तगीर. पाण्याच्या बाटल्यांच्या आड,” अण्णा तेरदाळे हलक्या आवाजात म्हणाले.

मिरज स्टँडसमोरच्या त्यांच्या दुकानात दस्तगीरचा लिंबू सोडा त्याच्या वडिलांपासून खपत आला होता. यंदा मोठ्या कंपनीने अण्णांना काचेच्या दाराचा फ्रीज फुकट दिला. अट एकच, त्यात दुसऱ्या कुणाची बाटली ठेवायची नाही. बाहेर क्रेटमध्ये तापलेल्या सोड्याला गिऱ्हाईक हात लावेना. बाकीची दुकानं अशीच सुटली होती. हे शेवटचं होतं.

दस्तगीर फ्रीजचं दार लावत होता, तोच कंपनीचा तपासनीस मोटारसायकलवरून उतरला. फोटो काढता काढता त्याने आत हात घालून मागची एक बाटली बाहेर ओढली.

“हे काय, अण्णा? फ्रीज न्यायला गाडी पाठवू का?”

अण्णा सुपारी कातरत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

“माझ्या आहेत त्या,” दस्तगीर म्हणाला. “घरी पाहुणे आलेत. गार करायला ठेवल्या होत्या.”

“असं होय!” तपासनीस हसला. बाटली फिरवून त्याने लेबल पाहिलं. “लहानपणी प्यायचो की आम्ही हा सोडा. अजून निघतो? कुठं मिळतो, काका?”

दस्तगीरने अण्णांकडे पाहिलं. अडकित्ता थांबला होता.

“इथं नाही मिळत,” तो म्हणाला आणि एकेक गार बाटली परत क्रेटमध्ये भरू लागला.