परतीचा शेरा

अधिकारीणबाई गल्लीत शिरल्या तेव्हा निवृत्त पोस्टमन सदऱ्याचं वरचं बटण लावत होता. लावायचा, पुन्हा काढायचा. सकाळपासून जिवाला चैन म्हणून नव्हतं.

ओसाड पडत चाललेलं शहर सावरायला वरून प्रस्ताव आला होता. ज्या गल्लीत पाचापेक्षा कमी घरं नांदती, तिचं पाणी आणि दिवे बंद, माणसांनी मध्यवस्तीत राहायला जायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातं! इथे नांदती घरं उरली होती दोनच, एक पोस्टमनचं आणि शेजारी त्याच्या विधवा वहिनीचं. आज बाई घरं मोजायला येणार म्हणून वहिनीने पहाटेच उठून तीन रिकाम्या घरांच्या पायऱ्या धुतल्या, दारांत चपला मांडल्या, दोऱ्यांवर आपल्याच चादरी वाळत घातल्या. मग दिराला बजावलं, "भाऊजी, आजच्या दिवस खरं बोलायची खाज आवरा."

त्याने आवरली. पहिल्या घरातला शिंपी कामावर गेलाय, दुसऱ्यातल्या मास्तरीणबाई लेकीकडे, तिसऱ्यातलं जोडपं दवाखान्यात. इतक्या सफाईने तो जन्मात खोटं बोलला नव्हता. बाईंनी वहीत पाच खुणा केल्या आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला.

निघता निघता बाईंनी पिशवीतून पाच पाकिटं काढली. प्रस्तावावरच्या सभेचं बोलावणं, जुन्या यादीतल्या नावांनी, घरटी एक. तुम्ही पोस्टातलेच, तेवढी वाटून टाका, म्हणाल्या. त्यांना अजून अकरा गल्ल्या उरकायच्या होत्या.

पाकिटं हातात पडली आणि पोस्टमनची चुळबुळ एकदम थांबली. वरचं त्याने वहिनीला दिलं. मग चष्मा सावरला, खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या, तळहातावर टेकवून, शिंप्याच्या पाकिटावर लिहिलं, पत्ता सोडून गेले. मास्तरीणबाईंच्या पाकिटावर, मयत. जोडप्याच्या, पत्ता सोडून गेले. तिन्ही परत बाईंच्या हातात ठेवली. जित्याची खोड, दुसरं काय.

वहिनीने कपाळाला हात लावला.

बाईंनी तिन्ही शेरे वाचले, वळून दोरीवरच्या चादरी पाहिल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "आता मला दोनच लिहावी लागतील."

पोस्टमनच्या हातात एकच पाकीट उरलं होतं, त्याच्या स्वतःच्या नावाचं. त्याने तेही तळहातावर घेतलं आणि पेन टेकवलं.

"यावर काय लिहू, बाई?" त्याने विचारलं.