जिवंत माणसाची घंटा

साल १९६१. पास्कू अंथरुणाला खिळला होता आणि उशाशी रेमेत रोझरी म्हणत बसली होती. तिचं एकच मागणं होतं, बापलेकांनी एकदा तरी बोलावं. केळीच्या वाडीवरून भांडून लेक जुझे नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या आळीत राहायला गेला, तो पुन्हा उंबरा चढला नव्हता. फादरही समजावून थकले होते.

दुपारी अचानक चर्चची घंटा वाजू लागली, गावात कोणी वारलं की वाजते तशी, संथ. रेमेत दचकली. तिने नवऱ्याच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास चालू होता!

फादर सकाळी पास्कूला मरणाच्या दारातल्यांना लावतात ते शेवटचं तेल लावून गेले होते. एवढं कानावर पडताच घंटा ओढणाऱ्या इनासने दारूच्या तारेत माणूसच मारून टाकला होता.

"मेल्या, तुझे हात झडोत!" ती दारात येऊन ओरडली.

समोरून जुझे अनवाणी धावत येत होता, हात केळीच्या चिकाने काळे. "आई, उशीर केला गं मी!"

"कोण रडतंय?" आतून क्षीण आवाज आला.

जुझे थिजला. मग आत जाऊन त्याने बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आज वाडीला पाणी तू दे," पास्कू म्हणाला.

रेमेतने क्रूसाची खूण केली. नऊ वर्षांच्या प्रार्थनेचं उत्तर देवाने एका दारुड्याच्या हाती धाडलं होतं.

पास्कू आणखी अकरा दिवस जगला. वाडी जुझेने सांभाळली. इनासची दारू सुटली नाही, पण दर रविवारी रेमेतकडचं जेवण त्याला जात राहिलं. पुढे इनास वारला तेव्हा घंटा जुझेने वाजवली. त्याआधी रेमेतने इनासच्या नाकापुढे बराच वेळ बोट धरलं होतं.