पथ्याची कॉफी

साखरेच्या डब्याचं झाकण कट्टकन उघडलं. एवढ्याशा आवाजानेही सुरुची दचकली. काल हॉस्पिटलमधून आल्यापासून घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. दुपारी चटणी करायची होती, तर तिने मिक्सरही लावला नाही.

एरवी हा आवाज ऐकला की हॉलमधून तिचे सासरे, अण्णा, हमखास विचारायचे, "कोण आलंय गो? पाहुण्याला एकट्याला प्यायला लावू नकोस, मी आहे सोबतीला." आज हॉलमधून काहीच आलं नाही.

गॅसवर दूध-कॉफी वर येत होती. तिने जायफळ किसून घातलं, आच बारीक केली आणि ओट्याकडे बघत राहिली. साखरेऐवजी घालायच्या गोड गोळ्यांची डबी होती. दाबली की टिक करून एक पांढरा ठिपका पडायचा. स्टीव्हियाच्या गोड पानांची पूड होती, शेजारच्या हंसाबेननी "एकदम नॅचरल छे, भाभी" म्हणत दिलेली. ती घातलेली कॉफी पिऊन अण्णा म्हणाले होते, कडुलिंबाच्या साखरपुड्याला जाऊन आल्यासारखं वाटतंय. गूळही होता. गूळ म्हणजे काय साखर नव्हे, असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं आणि महिनाभर तो अण्णांच्या कपात घातला होता. मग शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सगळ्यांनाच झापलं होतं.

आणि साखर होती.

तिचा नवरा नीलेश आत आला. डोळे सुजलेले.

"घाल ना," तो हळूच म्हणाला. "चांगली दोन चमचे घाल. डॉक्टर काय बोलले ते ऐकलंस ना? पोटातलं सगळीकडे पसरलंय. आता पथ्य नको, आवडेल ते द्या."

"त्यांना कळेल रे."

"काय कळेल?"

"सगळंच."

नीलेशने फ्रिज उघडला, आत बघितलं, परत लावला. "मग काय, शेवटपर्यंत त्या घाणेरड्या गोळ्याच..." शब्द तोंडून गेला आणि तो तिथेच थांबला. मग वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून बाल्कनीत गेला. कपडे अजून ओलेच होते.

सुरुचीने कॉफी कपात ओतून साखर घातली. चमचे भरून, वर शीग ठेवून. ढवळताना कपाला चमचा लागू दिला नाही.

अण्णा खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते. त्यांच्या पायाशी नात सान्वी बाहुलीच्या हाताला लोकरीचा धागा बांधत होती. बाहुलीला सलाईन लावायचं होतं.

अण्णांनी कप दोन्ही हातांत धरला. फुंकर मारली, घोट घेतला आणि तो तोंडातच ठेवून बाहेर बघत राहिले. खाली सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर रिक्षांची भांडणं चालली होती.

सुरुचीला वाटलं, आता हसतील. हरलीस ना, म्हणतील. या माणसाने साखरेसाठी काय काय नाही केलं? देवापुढची नैवेद्याची वाटी उचलून संडासात जाऊन खाल्ली. सान्वीच्या वाढदिवसाला केकचा तुकडा लेंग्याच्या खिशात घातला, आणि रात्री मुंग्यांनी चुगली केली.

अण्णांनी घोट गिळला. कप खाली ठेवला.

"हा माझा नाही गो."

"तुमचाच आहे अण्णा."

"नीलेशचा असेल. बदललास तू." आवाज अगदी साधा होता. "मला माझी दे. गोळीवाली."

"आजचा दिवस घ्या ना. एखाद्या दिवशी चालतं."

"चालतं?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. सुरुचीला नजर हलवता आली नाही आणि ठेवताही आली नाही.

"नाही चालत," अण्णा म्हणाले. "डॉक्टरांनी नको सांगितलंय. बरं व्हायचंय ना मला?"

बाल्कनीतला चिमट्यांचा आवाज थांबला.

"हो अण्णा," ती म्हणाली. "चुकून बदलला कप."

"तेच म्हणतोय. लक्ष कुठे असतं तुझं? उद्या माझ्या गोळ्या नीलेशला देशील."

ती आत गेली. पातेल्यात उरलेली कॉफी गरम केली. तोंडावर पाणी मारलं आणि कप घेऊन बाहेर आली. सान्वी डबी हातात घेऊन तयारच होती. आजोबांच्या गोळ्या टाकायचं काम तिचं, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. टिक. टिक.

अण्णांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"शी. पत्रा चाटल्यासारखी लागते."

"मग ती दुसरी घ्या ना," सुरुची पुटपुटली. ऐकू जाईल न जाईल इतपतच.

अण्णांनी ऐकलं नाही. ते कॉफी पीत राहिले, एकेक घोट, औषध घ्यावं तसे. कप त्यांनी सोडला नाही.

साखरेचा कप तसाच होता, वर साय धरत चाललेला. सान्वीने त्यात बोट बुडवलं, चाटलं. परत बुडवलं. तिचे डोळे मोठे झाले.

"आई, ही कसली भारी आहे!"

सुरुचीने घाईने कप उचलला. अण्णांचा कप ओठांपाशीच थांबला होता. ते पीत नव्हते. खालीही ठेवत नव्हते.

सान्वीने तिचा ड्रेस ओढला.

"आई, आजोबांना अशी कधीपासून चालेल?"