लहान होत गेलेले मंत्र

"एवढीशी ठिणगी?" लेखिकेने शेवटच्या भागाचं पान खिडकीच्या उजेडात धरलं. "समोर डोंगराएवढा राक्षस, आणि हिच्या हातातून निघतंय काय, तर काडेपेटीतली एक काडी."

मैत्रीण चित्राच्या बोर्डावर वाकून रेघ ओढत राहिली. ती चित्रं काढायची आणि लेखिका गोष्ट लिहायची. बोलायचं खातंही लेखिकेकडेच होतं, म्हणून तर मैत्रिणीचं नाव मौनी पडलं होतं. दोघींची मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, एका मासिकात महिन्याच्या महिन्याला येत होती. आपल्या जगातली एक मुलगी भलत्याच जगात जाऊन पडते. तिथे तिला सगळे परकी म्हणतात, आणि तिथल्या एका लोहारणीवर तिचा जीव जडतो. वाचक वाचायचे ते त्या दोघींसाठी.

लेखिकेचा तोरा मात्र निराळ्याच गोष्टीचा होता. तिच्या जगातल्या जादूला कायदा होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे मंत्र तिथे चालत नसत. घरी परतायची ओढ जेवढी मोठी, तेवढाच मंत्र मोठा. परकी सगळ्यांत बलाढ्य, कारण तिच्याइतकं घरासाठी तळमळणारं त्या जगात दुसरं कुणी नव्हतं. नियम मोडलेला एक प्रसंग दाखवा, असं लेखिका वाचकांना खुशाल आव्हान द्यायची. अजून कुणाला तो सापडला नव्हता.

संध्याकाळी पानं छापायला जायची होती आणि दुसऱ्या दिवशी लेखिकेची गाडी होती. या शहरात ती आली होती वर्षभरासाठी. मग दर वर्षी "एवढं झालं की येतेच" असं आईला फोनवर सांगत राहिली. आई घरी एकटी होती. आता मालिका संपत होती आणि सबबीही. मौनीने तिला एकदाही जाऊ नको म्हटलं नव्हतं. ते लेखिकेच्या मनाला फार लागलं होतं, पण मागून घेतलेल्या आग्रहाला काय चव असते?

शेवट कधीच ठरला होता. परकी आयुष्यातला सर्वांत मोठा मंत्र म्हणते, राक्षस जळून खाक होतो आणि त्याच ज्वाळेतून घरचं दार उघडतं. तिथे ही काडी कशी चालणार?

"नियम तुझाच आहे, वकीलबाई," मौनी म्हणाली. "मी फक्त मापाने काढलं."

लेखिकेला हसू आलं. तिच्या कायद्यात तिलाच पकडायला निघाली होती ही. तिने जुने अंक काढून फरशीवर पसरले आणि एकेक चाळायला लागली. हळूहळू हसू मावळलं. लोहारीण परकीची तुटलेली चप्पल सांधून देते, त्या भागापासून मंत्र लहान होत गेले होते. आधी वणवा, मग शेकोटी, मग कंदिलाएवढा उजेड. इतक्या बेताने की कुणाच्या लक्षात येऊ नये.

"तिची ओढ कमी झाली, हे तुला कुणी सांगितलं?"

"तूच. त्या भागानंतर तिने घराचं नाव काढलेलं नाही."

लेखिकेने परकीचं प्रत्येक वाक्य पुन्हा वाचलं. परकी भात्याबद्दल बोलत होती, ठिणग्यांबद्दल, लोहारणीच्या हातावरच्या डागांबद्दल. घराबद्दल चकार शब्द नव्हता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नव्हतं. ही वाक्यं तिने याच टेबलाशी लिहिली होती, मौनीच्या समोर बसून, तिच्याच स्टुलावर पाय ठेवून. तिचे कान तापले. परकीला जायचं नव्हतं. आणि तिलाही जायचं नव्हतं, हे तिला आत्ता इतकं लख्ख कळलं की हसावं की रडावं ते समजेना.

पण पान तर पुरं करायला हवं होतं. मंत्राशिवाय परकी जिंकणार कशी, असं मौनीने विचारलं, तेव्हा लेखिकेचा जुना तोरा परत आला. राक्षस आंधळा आहे, ती म्हणाली. त्याला फक्त जादूचा उजेड दिसतो. ही काडीसुद्धा खोडून टाक. परकी रिकाम्या हाताने उभी राहील, तो तिच्या शेजारून निघून जाईल आणि मागे लोहारीण घण घेऊन उभी असेल.

"आणि दार?"

"उघडणार नाही. तिला नकोच आहे ते."

मौनीने रबर उचलला. ठिणगी पुसली गेली. मग मान वर न करताच तिने विचारलं, "आणि तू?"

"थांब. आधी आईला सांगते."

फोन लावताना लेखिकेने मनात सगळे मुद्दे जुळवले. आई या चित्रकथांना पोरखेळ म्हणायची, एकही अंक उघडल्याचं तिने कधी कबूल केलं नव्हतं. म्हणजे अगदी पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. पण आईचा आवाज ऐकला आणि मुद्दे कुठल्या कुठे गेले. मी येत नाही, ती म्हणाली. कामासाठी नाही. मौनीसाठी. तिच्याशिवाय मला राहवणार नाही.



"अगं, तुझ्या खोलीत मी शिवणाचं मशीन कधीच मांडलंय," आई म्हणाली. "त्या पोरीचे मंत्र लहान होत चाललेत, ते काय मला दिसत नव्हतं?"