एक लांब, दोन आखूड

“इंजिन कसलं, भट्टी हुती ती,” महिपतराव म्हणाले, आणि पुष्करचं लिहितं पेन थांबलं.

पडवीत शेंगा फोडत बसलेल्या लीलाबाईंना त्याची कीव आली. पुष्कर बारामतीच्या कॉलेजात शिकवायचा. पुणे-लोणावळा मार्गावर एके काळी नोकरदारांच्या गाड्या ओढणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनांवर त्याचा भारी जीव. असा जीव असणाऱ्यांचा म्हणे एक गटच होता. इंजिनं भंगारात जाऊन दहा-पंधरा वर्षं झाली, तरी ही मंडळी रोज मोबाईलवर त्यांची विचारपूस करायची. महिपतरावांनी ती इंजिनं सत्तावीस वर्षं हाकली होती. त्यामुळं पुष्कर आज सकाळीच मोटारसायकल मारत त्यांच्या गावी, अंथुर्ण्याला आला होता, देवदर्शनाला यावं तसा. पण देव काही केल्या पावत नव्हता.

“पण तात्या, त्या इंजिनांचा आवाज! लोक अजून आठवण काढतात.”

“डावा कान गेला माझा त्या आवाजानं.”

“आणि खिडकीतून पहाटेचा मावळ दिसायचा, तो?”

“ड्रायव्हरनं सिग्नल बघायचा आस्तो. मावळ बघणाऱ्याला घरी धाडत्यात.”

लीलाबाई पदराआड हसल्या. त्यांना यात नवीन काही नव्हतं. लग्न होऊन त्या लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेल्या, तेव्हापासून हे असंच. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, पण शब्द जणू रेशनवर मिळत होते. पहिली साडी आणली तेव्हा म्हणाले, दुकान रस्त्यात लागलं. लीलाबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या, तेव्हा तीन महिन्यांत एक पत्र आलं. त्यात स्टोव्हच्या वाती कुठं ठेवल्यात, ते विचारलं होतं. सुरुवातीची काही वर्षं लीलाबाईंनी वाट पाहिली. मग सोडून दिली. ज्या विहिरीला पाणीच नाही, तिच्यात रोज वाकून बघायचं कशाला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. ती आता चांगली मुरलीही होती.

पुष्करनं शेवटी मोबाईल काढला.

“एक ऐकवतो, तात्या. आमच्या गटातले एक गृहस्थ तेव्हा लोणावळ्याला राहायचे. गाड्यांचे आवाज कॅसेटवर टेप करून ठेवायचे. त्यात एक भोंगा आहे. चार वर्षं झाली, आम्ही भांडतोय, पण त्याचा अर्थ काही लागत नाही.”

त्यानं बटण दाबलं. आधी रुळांवरचा खडखडाट आला. मग भोंगा. एक लांब, दोन आखूड. जरा थांबून आणखी एक, अगदी बारीक.

लीलाबाईंचा हात गुडघ्यावर गेला. त्या उठायलाच निघाल्या होत्या. लोणावळ्याला असताना हा भोंगा झाला की स्टोव्हवर तवा ठेवायचा. पहिल्या दोन भाकरी होईस्तोवर माणूस दारात. बाकीच्या गाड्या कशा वाजतात, तिकडं त्यांनी कधी कान दिला नव्हता. या भोंग्यामागोमाग धनी येतो, एवढं कळलं की त्यांचं काम भागत होतं.

“भोंगा आडकत आसंल,” महिपतराव म्हणाले. “जुना माल.”

“आडकतोय कशाला?” लीलाबाई म्हणाल्या. “नेम हाय की त्यो. इंजिन शेडात जायचं आसलं की आसा भोंगा द्याचा.”

पुष्कर गर्रकन वळला. “कोणी सांगितलं, काकू?”

“ह्यांनीच. नवी नवरी हुते, तवाच इचारून घेतलं मी.”

“असा नियमच नाही. सगळी नियमावली पाठ आहे माझी.” पुष्कर आता रंगात आला होता. “आणि शेडात तर सगळेच ड्रायव्हर इंजिन न्यायचे. त्या गृहस्थांनी प्रत्येक कॅसेटवर गाडी आणि ड्रायव्हरचं नाव लिहून ठेवलंय. हा भोंगा अकरा वेळा सापडला. अकराही वेळा ड्रायव्हर आपले तात्याच. दुसऱ्या कोणी एकदासुद्धा दिलेला नाही. आमच्यातले काही म्हणतात, घाटासाठी असेल. काही म्हणतात, गार्डला खूण असेल. मी त्याच्यावर लेख लिहितोय. तात्या, तुम्ही नेमका कोणाला इशारा देत होता?”

महिपतराव समोरच्या उसाकडं बघत राहिले. ऊस काही बोलेना. चांगल्या कानाची पाळी हळूहळू लाल झाली.

“लोखंडाचा तवा,” ते शेवटी पुटपुटले. “तापाय येळ लागतो.”

पुष्करनं लगबगीनं वहीत लिहिलं, ‘तवा’. मग मान वर करून विचारलं, “हा इंजिनाचा कुठला भाग?”

लीलाबाईंच्या मांडीवरच्या शेंगा पडवीभर घरंगळल्या होत्या, आणि त्या गोळा कराव्यात हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. महिपतराव डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकत होते. तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

“आन् मी त्या भोंग्याला शिव्या घालायची,” लीलाबाई हळू म्हणाल्या. “पोरगं झोपंतनं उठतंय म्हणून.”

“ठावं हाय,” महिपतराव म्हणाले. “म्हणून तर शेवटचा बारीक द्याचो.”

लीलाबाई उठल्या. शेंगा तुडवत पुष्करपाशी येऊन बसल्या, आणि त्याच्या हातातला मोबाईल त्यांनी कानाजवळ ओढून घेतला.

“परत लावा,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्सं मला वाटायचं, इंजिनच वाजतंय.”